वर्गातली सूर्यमाला दर वर्षी का फसते, आणि ती कशी दुरुस्त करावी

सूर्यमालेचा पाठ शिकवून झाला, ग्रहांची नावे क्रमाने पाठ झाली, कोणता ग्रह मोठा आणि कोणता लहान हेही मुलांनी बरोबर सांगितले, आणि तरीही 'सूर्यमालेची आकृती काढा' असे म्हटल्यावर जवळजवळ प्रत्येक वहीत तेच चित्र उमटते: डाव्या कडेला पिवळा अर्धगोल आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर एकामागून एक आठ ग्रह, परिपाठाला रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांसारखे सारख्या अंतरावर. सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवताना ही अडचण मला दर वर्षी आली. पहिली काही वर्षे मी मुलांनाच पुन्हा पुन्हा आकडे पाठ करायला लावले, आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही. दोष आपण मुलांपुढे ठेवलेल्या चित्रांत आणि प्रतिकृतींत असतो, आणि तो कोणत्या टप्प्यावर शिरतो हे ओळखता आले तर दुरुस्त करणे अवघड नाही. मला आलेल्या अडचणी, त्यांची कारणे आणि उपयोगी पडलेले उपाय येथे मांडत आहे.

आधी तपासणी: चंद्र कुठे धरायचा?

सूर्यमालेला हात घालण्यापूर्वी पृथ्वी आणि चंद्र एवढ्यावरच मुलांची कल्पना तपासून घ्यावी. शाळेतला पृथ्वीगोल साधारण 30 सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर त्याच्या प्रमाणात चंद्र 8 सेंटीमीटरचा, म्हणजे एखाद्या मोसंबीएवढा होतो. एका मुलीच्या हाती मोसंबी द्यावी आणि 'चंद्र पृथ्वीपासून जेवढा दूर आहे तेवढ्या अंतरावर उभी राहा' एवढेच सांगावे. माझ्या अनुभवात मुले ती मोसंबी गोलापासून वीतभर किंवा फार तर हातभर अंतरावर धरतात, कारण पुस्तकातल्या ग्रहणाच्या आकृतीत चंद्र तेवढ्याच अंतरावर काढलेला असतो.

उत्तर लगेच सांगू नये. एक लांब दोरा घेऊन तो पृथ्वीगोलाच्या विषुववृत्ताभोवती साडेनऊ वेढे गुंडाळावा, मग सोडवून त्याचे एक टोक गोलाशी धरावे आणि दुसरे मोसंबीवाल्या मुलीकडे द्यावे. चंद्राचे सरासरी अंतर 3,84,400 किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट. त्यामुळे गोल कितीही सेंटीमीटरचा असला तरी साडेनऊ वेढ्यांचा हिशेब लागू पडतो. 30 सेंटीमीटरच्या गोलासाठी हे अंतर 9 मीटर भरते. ती मुलगी मोसंबी घेऊन मागे मागे सरकत बाकांच्या मधून दारापर्यंत जाते, दार ओलांडून व्हरांड्यात पोहोचते, आणि दोरा अजून ताणला गेलेला नसतो. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, ती या संपूर्ण पाठातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मी मानतो. त्याच गोलावर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दाखवायचे झाले, तर ते सुमारे 400 किलोमीटर उंचीवर असल्यामुळे पृष्ठभागापासून जेमतेम 1 सेंटीमीटरवर येते. हेही लगोलग दाखवावे, म्हणजे 'अवकाशात जाणे' या शब्दांत किती निरनिराळी अंतरे दडलेली आहेत हे मुलांना दिसते.

मूळ बिघाड: एकाच प्रतिकृतीत दोन प्रमाणे

आता मुख्य दोषाकडे वळू. विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचे गोळे रंगवून पुठ्ठ्यावर लावलेली सूर्यमाला बहुतेक शाळांत कपाटावर ठेवलेली असते. तिच्यात ग्रहांचे आकार एका प्रमाणात असतात (तेही क्वचितच बरोबर असतात) आणि अंतरे पुठ्ठ्याच्या लांबीनुसार ठरलेली असतात. अशा प्रतिकृतीतील पृथ्वी 5 सेंटीमीटरची असेल, तर त्याच प्रमाणात सूर्य साधारण साडेपाच मीटर व्यासाचा हवा आणि तो पृथ्वीपासून 587 मीटर दूर हवा. पुठ्ठा मात्र एक मीटरचा असतो. मुले डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवतात, आणि 'हे अंतर प्रमाणात नाही' ही खालची बारीक ओळ कोणी वाचत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की आकार आणि अंतर यांच्यासाठी एकच प्रमाण वापरावे, आणि ते जमत नसेल तर त्या प्रतिकृतीत एकच गोष्ट दाखवावी. फक्त आकारांची तुलना करायची असेल तर सर्व गोळे एका टोपलीत ठेवून हातात द्यावेत. त्यांना तारेवर ओवून 'सूर्यमाला' म्हणू नये.

कोणते प्रमाण निवडावे, यावर मी बराच घोळ घातला आणि शेवटी जे सापडले ते आपल्या मोजण्याच्या पद्धतीतच होते. एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर असे धरले, की एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर आणि एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर होतात. लाख आणि कोटी हे शब्द मुलांच्या रोजच्या कानावरचे असल्यामुळे गुणाकार-भागाकार न करता, केवळ शब्द बदलून, प्रत्येक ग्रह कुठे ठेवायचा ते सांगता येते. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील नॅशनल मॉलवर 2001 साली उभारलेली 'व्हॉयेज' ही सूर्यमालेची प्रतिकृतीही याच प्रमाणाची, म्हणजे मूळच्या एक हजार कोटी पटींनी लहान आहे. आपल्याला मात्र हे प्रमाण कोटीच्या हिशेबामुळे अधिकच सोपे पडते.

या प्रमाणात सूर्याचा व्यास 14 सेंटीमीटर येतो. कंपासमध्ये 7 सेंटीमीटर धरून पिवळ्या कार्डशीटची चकती कापावी. हंगामात पपनस मिळाले तर ते उत्तमच. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे राजगिऱ्याचा एक दाणा, आणि ती सूर्यापासून 15 मीटरवर असते. शुक्रही राजगिऱ्याचाच दाणा, पण 10.8 मीटरवर. बुध अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे रव्याचा कण, 5.8 मीटरवर. मंगळासाठी खसखशीचा दाणा चालतो आणि तो 22.8 मीटरवर ठेवावा. गुरू ही 14 मिलिमीटरची गोटी, 77.8 मीटरवर. शनीसाठी शाडूच्या मातीची 12 मिलिमीटरची गोळी करून तिच्याभोवती 27 मिलिमीटर बाह्यव्यासाचे कागदी कडे बसवावे आणि तो 143 मीटरवर न्यावा. युरेनस आणि नेपच्यून हे दोन मिरीचे दाणे, पहिला 287 मीटरवर आणि दुसरा 450 मीटरवर. पृथ्वीपासून चंद्र 3.8 सेंटीमीटरवर येतो. रव्याच्या सर्वांत बारीक कणाने तो दाखवावा लागतो.

मांडणी बरोबर झाली की नाही हे तपासण्याची एक अतिशय सुंदर युक्ती या प्रमाणात आपोआप मिळते. आकार आणि अंतर एकाच प्रमाणात कमी झाल्यामुळे, राजगिऱ्याच्या दाण्यापाशी उभे राहून 15 मीटरवरच्या चकतीकडे पाहिले तर ती आकाशातल्या खऱ्या सूर्याएवढीच दिसते, म्हणजे साधारण अर्धा अंश. हात पूर्ण लांब करून करंगळी उभी धरली, की चकती करंगळीच्या अर्ध्या रुंदीत झाकली जाते. खऱ्या सूर्याकडे पाहून ही तुलना मुळीच करू देऊ नये. पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ तेवढाच दिसतो, तेव्हा मुलांना रात्री घरच्या अंगणातून तो करंगळीने झाकून पाहायला सांगावे. दुसऱ्या दिवशी 'सर, खरंच तेवढाच!' असे सांगत येणारी मुले माझ्या वर्गात दर वर्षी असतात.

'दशलक्ष' आणि 'कोटी' यांची गल्लत

एका वर्षी सेमी-इंग्रजी आणि मराठी माध्यमाच्या दोन्ही तुकड्या मी एकत्र मैदानावर नेल्या होत्या. गट पाडले, प्रत्येकाने आपापल्या पुस्तकातून पृथ्वीचे अंतर काढायचे आणि ती मांडायची, असे ठरले. मराठी माध्यमाचा गट व्हरांड्याच्या पायरीपाशी 15 मीटरवर थांबला. दुसऱ्या गटाला मात्र मैदान पुरेना. ते फाटकाबाहेर पडून मारुतीच्या देवळापाशी, सुमारे 150 मीटरवर जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुस्तकात 149.6 मिलियन किलोमीटर असे लिहिले होते आणि त्यांनी मिलियनला कोटी समजून 149.6 मीटर मोजले होते.

ही चूक मुलांच्या निष्काळजीपणातून होत नाही. एक मिलियन म्हणजे दहा लाख, त्यामुळे मिलियनचे कोटी करताना दहाने भागावे लागते, आणि अब्जाचे कोटी करताना शंभराने गुणावे लागते. हे दोन वेगवेगळे नियम सातवीच्या मुलाच्या डोक्यात सहज उलटसुलट होतात. उपाय असा की मैदानावर जाण्याच्या आदल्या दिवशी सर्व अंतरे कोटीतच लिहिलेला एक तक्ता मुलांकडूनच तयार करून घ्यावा: पृथ्वी 15 कोटी, गुरू 78 कोटी, शनी 143 कोटी, नेपच्यून 450 कोटी. मग चूक झालीच, तर करंगळीच्या कसोटीवर ती लगेच उघडी पडते, कारण देवळापाशी उभ्या असलेल्या गटाला सूर्याची चकती पूर्णचंद्राच्या दहाव्या हिश्श्याएवढीच दिसते. त्या दिवशी त्या गटाला मी काहीच सांगितले नाही, फक्त करंगळी धरायला लावली. त्यांनी स्वतःच तक्ता पुन्हा काढला आणि तीच चूक पुढे पूर्ण वर्षभर त्या तुकडीत कोणी केली नाही.

व्यास आणि त्रिज्या यांची गल्लत याच जातीची आहे. इंटरनेटवर शोधल्यावर पुष्कळदा त्रिज्या मिळते आणि मुले ती व्यास म्हणून वापरतात. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर हा एक आकडा पक्का लक्षात असला, की बाकीचे त्याच्याशी ताडून पाहता येतात.

मैदानावर प्रत्यक्ष येणाऱ्या अडचणी

वाऱ्याने राजगिरा उडून जातो, आणि न उडालेला मुलांच्या तळहाताच्या घामाला चिकटून हरवतो. प्रत्येक दाणा काळ्या कार्डाच्या मधोमध पारदर्शक चिकटपट्टीने बसवावा, वर ग्रहाचे नाव आणि अंतर ठळक लिहावे, आणि कार्ड काठीला बांधून जमिनीत रोवावे. काळ्या कार्डावर दाणा चटकन दिसतो. पांढऱ्या कागदावर चिकटपट्टीची चमक तो लपवून टाकते.

पन्नासेक मुलांचा वर्ग एका सूर्याभोवती उभा केला तर चार मुले काम करतात आणि बाकीची गोंगाट करतात. यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे प्रत्येक ग्रहाला एक गट देणे, आणि त्या गटाने आपल्या ग्रहापाशीच थांबून वहीत दोन गोष्टी लिहिणे: तेथून सूर्य करंगळीच्या किती हिश्श्याएवढा दिसतो, आणि शेजारचे ग्रह ओळखू येतात का. गुरूच्या गटाला चकती बारीक दिसते, आणि नेपच्यूनचा गट 450 मीटरवरून 14 सेंटीमीटरची चकती शोधत राहतो. ती त्यांना दिसलीच तर केवळ ठिपका म्हणून दिसते. खऱ्या नेपच्यूनवरूनही सूर्य असाच ठिपक्यासारखा, पण अत्यंत तेजस्वी दिसेल, हे तेव्हाच सांगावे. शेजारचा ग्रह तर कोणालाच दिसत नाही. सूर्यमाला बहुतांशी रिकामी आहे, हे वाक्य मग फळ्यावर लिहावे लागत नाही.

अंतर पावलांनी मोजू नये. मुलांची पावले सारखी नसतात, आणि 450 मीटरपर्यंत जाताना पन्नास-साठ मीटरची चूक सहज होते. सायकलच्या चाकाचा घेर फितीने मोजून घ्यावा, टायरवर एके ठिकाणी खडूची खूण करावी, आणि सायकल हातात धरून चालवत खूण किती वेळा खाली आली ते एका मुलाने मोठ्याने मोजावे. ही पद्धत मुलांना अतिशय आवडते आणि परिघाचा धडाही त्यात आपोआप येतो. रस्त्यावर जाणाऱ्या गटांबरोबर एक शिक्षक असलाच पाहिजे. तशी सोय नसेल, तर शनीपासून पुढचे ग्रह मोबाइलच्या नकाशावर शाळेपासूनचे अंतर मोजून दाखवावेत आणि नेपच्यून कोणत्या दुकानापाशी किंवा बसथांब्यापाशी येतो हे मुलांनाच शोधू द्यावे.

सर्व ग्रह एका रेषेत मांडल्यामुळे एक नवा गैरसमज रुजतो, तो म्हणजे ग्रह खरोखरच असे ओळीत उभे असतात. म्हणून रेषेवरचे काम संपल्यावर निदान मंगळापर्यंतच्या चार ग्रहांच्या कक्षा दोरीने आणि फक्कीने, कबड्डीचे मैदान आखतो तशा, मैदानावर आखाव्यात आणि मुलांना आपापल्या कक्षेत वेगवेगळ्या जागी उभे करावे. मैदानाच्या कडेला जागा संपली तर कक्षेचा चापच काढावा. पूर्ण वर्तुळाचा हट्ट धरू नये.

मैदान लहान असेल तर

शहरातल्या अनेक शाळांना 50 मीटरचेही मैदान नसते. अशा वेळी अंतरे तेवढी दाबून आकार तसेच ठेवण्याचा मोह होतो, आणि मूळ बिघाड पुन्हा परत येतो. त्याऐवजी संपूर्ण प्रमाणच दहापट लहान करावे: एक मीटर म्हणजे दहा कोटी किलोमीटर. सूर्य ही गोटी होते, गुरू हा राजगिऱ्याचा दाणा होऊन 7.8 मीटरवर येतो आणि नेपच्यून 45 मीटरवर मावतो. पृथ्वी मात्र 0.13 मिलिमीटरची, म्हणजे टाचणीच्या टोकाने कागदावर उमटवलेल्या बारीक ठिपक्याएवढी होते आणि ती सूर्यापासून फक्त दीड मीटरवर असते. ठिपका दिसत नाही अशी तक्रार मुले करतात, तेव्हा भिंग द्यावे, पण ठिपका मोठा करून देऊ नये.

पावसाळ्यात मैदानच बंद असते. तेव्हा जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या जोडून केलेली लांब पट्टी कामाला येते. एका टोकाला सूर्य आणि दुसऱ्या टोकाला प्लूटो लिहून पट्टी मधोमध दुमडली की युरेनसची जागा मिळते. युरेनस आणि प्लूटो यांच्यामध्ये दुमडली की नेपच्यून. सूर्य आणि युरेनस यांच्यामध्ये शनी. सूर्य आणि शनी यांच्यामध्ये गुरू. त्याच्याही अर्ध्यावर लघुग्रहांचा पट्टा. मंगळासह आतले चारही ग्रह उरलेल्या टोकाला दाटीने बसतात. ही अंतरे अगदी अचूक नसतात, पण चित्र बरोबर असते. या पट्टीवर ग्रहांचे आकार मात्र अजिबात काढू देऊ नयेत, नुसती नावे लिहावीत.

समज पक्की झाली का, हे कसे पाहावे

महिनाभराने पुन्हा 'आकृती काढा' असे सांगण्यात अर्थ नाही, कारण वहीच्या पानावर खरे प्रमाण मावत नाही आणि मूल नाइलाजाने जुनेच चित्र काढते. त्याऐवजी मी दोन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न प्रकाशाचा. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, तर आपल्या मैदानावर तो किती वेगाने चालेल? लाख म्हणजे सेंटीमीटर हे पक्के असलेले मूल क्षणात 'सेकंदाला तीन सेंटीमीटर' असे सांगते. मग दोघा मुलांना मोजपट्टी घेऊन सूर्यापासून पृथ्वीकडे त्या वेगाने, एक जण टाळी वाजवून सेकंद मोजत आणि दुसरा खडा तीन-तीन सेंटीमीटर सरकवत, पाठवावे. पंधरा मीटर जायला 500 सेकंद, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. चंद्रापर्यंत तोच खडा दुसऱ्या टाळीलाच पुढे निघून जातो.

दुसरा प्रश्न आदित्य-एल1 चा. भारताचे हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी एल1 बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले, हे मुलांना बातम्यांतून माहीत असते, आणि सूर्याचा अभ्यास करणारे यान म्हणजे ते सूर्याजवळ गेले असणार असे त्यांना ठामपणे वाटत असते. एल1 पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे, एवढे सांगून सूर्य ते पृथ्वी ताणलेल्या 15 मीटरच्या दोरीवर यानाच्या जागी कपड्याचा चिमटा लावायला सांगावे. ज्या मुलाला प्रमाण कळले आहे, ते मूल सूर्याकडे चालत जात नाही. ते राजगिऱ्याच्या कार्डापाशीच बसते आणि पट्टीने 15 सेंटीमीटर मोजून चिमटा लावते. जे मूल दोरीच्या मध्यावर किंवा त्याच्याही पुढे चिमटा लावते, त्याच्याबरोबर पृथ्वीगोल आणि मोसंबी घेऊन साडेनऊ वेढ्यांपासून पुन्हा सुरुवात करावी; त्याला दुसरा कोणताही जवळचा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

यानंतर वेळ उरलाच आणि मुलांनी 'सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा?' असे विचारले, तर प्रॉक्सिमा सेंटॉरी याच प्रमाणात सुमारे 4,000 किलोमीटरवर येतो हे सांगावे. भारताची दक्षिणोत्तर लांबी 3,214 किलोमीटर आहे हे मुलांना भूगोलात शिकवलेले असते, त्यामुळे नकाशा भिंतीवर लावून ठेवावा आणि पुढचे काम त्यांच्यावर सोडावे.